जोड लावणारे वस्ताद

‘माझ्या नोकरीत भेटलेला सर्वांत विक्षिप्त माणूस’ या शब्दांनी हा लेख सुरू करावा, असे मनात होते. तसे वाक्य मी लिहिलेही, आणि मग खोडले. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते समोर बसले असते, तर त्यांनी ‘सर्वांत’ या शब्दालाच हरकत घेतली असती. "सर्वांत म्हंजे? सगळ्यांबरोबर जोड लावून बघितलासा काय सर?" मला मान खाली घालून ‘नाही’ म्हणावे लागले असते. म्हणून एवढेच लिहितो, की ते माझ्याहून विक्षिप्त होते आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाईंहूनही होते. यापलीकडे माझा पुरावा जात नाही.

ते आमच्या शाळेच्या संगणक कक्षाचे कंत्राटी शिक्षक होते. शाळा शिवाजी पेठेत. मी तेथे इंग्रजी शिकवीत असे. गेल्या वर्षी संस्थेच्या जयसिंगपूरच्या शाखेत माझी बदली झाली आणि आमचा रोजचा सहवास सुटला. तरुणपणी त्यांनी पेठेतल्याच एका तालमीत कुस्ती केली होती. कान पैलवानाचे, घडी घालून चेपल्यासारखे. गुडघा गेल्यावर आखाडा सुटला आणि त्यांनी आयटीआयमध्ये संगणक दुरुस्तीचा अभ्यासक्रम केला. माती सोडली, पण मातीचे वळण सोडले नाही. तालमीत शिकवणाऱ्याला आमच्याकडे वस्ताद म्हणतात; मुले त्यांना तेच म्हणू लागली, पुढे शिक्षकही म्हणू लागले. बाईंनी एकदा परिपाठात ‘आपल्या संगणक कक्षाचे वस्ताद’ असा उल्लेख केला आणि मग जीभ चावली.

संगणक कक्षात शिरताना ते उंबऱ्याला हात लावून तो कपाळी नेत. कक्षात चपला चालत नसत. बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही नाही. खुर्चीवर त्यांना मी क्वचितच पाहिले. उघडलेल्या संगणकासमोर ते जमिनीवर मांडी घालत आणि त्याच्या पोटात हात घालून तासन्‌तास बसत. यंत्राला ‘बिघडले’ म्हटलेले त्यांना खपत नसे. संगणक दमतो, त्याला धाप लागते, त्याचे अंग धरते. रॅमची, म्हणजे स्मृतीची पट्टी वाढवायची म्हणजे त्याचा खुराक वाढवायचा. एकदा कंपनीच्या सेवा केंद्राला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला होता. "पावणं, मशीन उठतंय, दोन पावलं चालतंय आणि बसतंय की खाली. छातीत काय तरी हाय त्याच्या." पलीकडे पुण्याची मुलगी होती. तिने अत्यंत सौजन्याने विचारले, "सर, आपण आधी डॉक्टरांना दाखवलंत का?"

मला हे सारे पोरकट वाटे. मी आवाज न चढवणारा माणूस आहे, आणि आवाज न चढवणाऱ्या माणसांना स्वतःविषयी एक छुपा मोठेपणा वाटत असतो, हे मला बऱ्याच उशिरा कळले. शिक्षकांच्या खोलीत त्यांचा विषय निघाला की मी केवळ हसत असे. त्या हसण्याचे आज मला काही भूषण वाटत नाही.

त्यांच्या शिकवण्याची पद्धत मला योगायोगाने पाहायला मिळाली. मला डेंग्यू झाला आणि माझे तास त्यांच्याकडे गेले. विशेषणांच्या तुलनेचा धडा अर्धवट राहिला होता. वस्तादांजवळ इंग्रजीचे पुस्तक नव्हते. संगणकाच्या पुस्तकात ‘संगणकाचे प्रकार’ असा एक पाठ होता, तेवढा होता. त्यांनी दोन्ही एकत्र केले. मी बरा होऊन परतलो तेव्हा माझा वर्ग रिकामा होता आणि संगणक कक्षातून मैदानातल्यासारखा गलका येत होता.

मी दारात उभा राहिलो. मुले समोरासमोर दोन बाजूंना बसली होती. मधल्या टेबलावर एक जुना डेस्कटॉप आणि वस्तादांचा स्वतःचा लॅपटॉप. मधोमध पंचासारखे ते स्वतः. एक सडपातळ मुलगी आळीपाळीने दोन्ही यंत्रे उचलून पाहत होती.

"काय कळलं?"

"वस्ताद, ह्यो लई जड हाय."

"लई असं काय नसतंय. कुणापेक्षा?"

"लॅपटॉपपेक्षा."

"मग कुस्ती कुणाची?"

डेस्कटॉपच्या बाजूचा एक मुलगा उठला. "आमची की. पैलवान जडच असतोय."

"पैलवान जड चालतोय. उद्या हे दप्तरात घालून शाळंला येशील काय?"

"न्हाई."

"मग हरलास. चल, वाक्य म्हण."

मुलाने नाक फुगवले, समोरच्या बाजूला हात दिला आणि म्हणाला, "अवर डेस्कटॉप इज हेवियर दॅन युवर लॅपटॉप." त्याचा एकही शब्द अडखळला नाही. हाच मुलगा माझ्या तासाला उभा केला की पंख्याकडे पाहत राही.

वाक्य नेहमी हरलेल्या बाजूने म्हणायचे, असा त्यांचा दंडक होता. मी कारण विचारले. "सर, आमच्या तालमीत पडलेल्या गड्यानं आधी हात द्यायचा. जिंकलेला बोलाय लागला की बढाई हुतीया. पडलेला बोलला की खरं असतंय." मैदानात दोन पैलवानांची वजने, उंची, तयारी पाहून जाणती मंडळी जोड लावतात, तशी ते यंत्रांची जोड लावत. कोण लवकर सुरू होतो, कोणाचा पडदा मोठा, कोणाची बॅटरी टिकते, कोण स्वस्त. दोन्ही सारखे निघाले की ते दोन्ही हात आडवे हलवून कुस्ती बरोबरीत सोडवत, आणि दोन्ही बाजू एका सुरात म्हणत, "द लॅपटॉप इज ॲज फास्ट ॲज द डेस्कटॉप." एकामागून एक जोडी सुटत जाऊन शेवटी एकच उरला, की मगच ‘फास्टेस्ट’ हा शब्द तोंडातून काढायची परवानगी. तोवर नाही. मैदान संपल्याशिवाय मानाची गदा देत नाहीत, तसे.

त्यांचे स्वतःचे इंग्रजी मात्र कच्चे होते. ‘मोअर फास्टर’ ते बिनदिक्कत म्हणत. मी एकदा हळूच दुरुस्त केले, तर त्यांनी लगेच कानाच्या पाळीला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले.

"सर, रात्रभर डोक्यात तेच. कुठल्या शब्दाला नुसतं शेपूट लावायचं आणि कुठल्या शब्दापुढं ‘मोअर’ म्हणायचं?"

मी त्यांना शब्द उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात, तो नियम समजावून दिला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि वर्गात जाऊन असा सांगितला: "स्मॉल, फास्ट, चीप ही हलकी पोरं. स्वतःच लांग कसून मैदानात उतरत्यात. एक्स्पेन्सिव्ह, पॉवरफुल हे मोठे पैलवान. ते असे चालत येत न्हाईत. त्यांच्यापुढं हलगी वाजवत माणूस चालतोय. ‘मोअर’ म्हंजे ती हलगी."

"आणि ‘मोस्ट’, वस्ताद?"

"हलगी आणि तुतारी."

"आणि गुड, बेटर, बेस्ट?"

ते म्हणाले, "त्यो गडी प्रत्येक मैदानात नाव बदलून उतरतोय. असतंय एखाद्याला व्यसन. नाव पाठ करायचं आणि पुढं जायचं."

मी पुढे माझ्या तासालाही हलगी वापरली. सुरुवातीला थोडे संकोचून, नंतर निःसंकोच.

आमचा एकमेव खरा वाद झाला तो महासंगणकावरून. पाठ्यपुस्तकात महासंगणकाचे चित्र होते आणि परीक्षेत उत्तर अपेक्षित होते: ‘महासंगणक सर्वांत वेगवान असतो.’ वस्ताद ते मुलांना म्हणू देईनात.

"सर, फोटूबरोबर जोड लागत न्हाई."

"पण साऱ्या जगाला ठाऊक आहे."

"जगाला आसंल. ह्या पोरांनी बघितलाय का? तुम्ही बघितलासा?"

"नाही."

"मी बी न्हाई. मग आपण तिघंबी ऐकीव सांगतोय."

"गुण जातील मुलांचे, वस्ताद."

गुणांचे नाव काढताच ते विचारात पडले. मुलांचे नुकसान त्यांना चालत नसे. दोन दिवसांनी त्यांनी तडजोड काढली. मुलांनी परीक्षेत पुस्तकातले उत्तर लिहायचे, संगणक कक्षात मात्र म्हणायचे, "पीपल से द सुपरकॉम्प्युटर इज द फास्टेस्ट." ‘पीपल से’ म्हणताना सगळ्या वर्गाने खिडकीबाहेर, रस्त्याकडे बोट दाखवायचे. बाहेरून जाणारा एखादा दूधवाला त्या बोटांकडे पाहून थबकलेला मी पाहिला आहे.

असे सारे सुरळीत चालले असताना संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेला टॅब्लेट दिले. अध्यक्ष पेठेतलेच, दणकट आवाजाचे गृहस्थ. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत त्यांचा सुट्या भागांचा कारखाना. देणगी मोठी होती आणि हेतू चांगला होता. पण टॅब्लेटच्या पाठोपाठ एक सूचनाही आली. आता मुले वर्गातच टॅब्लेट वापरतील. तेव्हा जुने संगणक भंगारात द्यावेत आणि कक्षाची खोली कार्यालयाला जोडावी. कक्ष नाही म्हणजे कक्षाचा शिक्षक नाही. वस्तादांची नेमणूक वर्षावर्षाची होती आणि त्या वर्षाची मुदत संपत आली होती. घरी आई, बायको आणि दोन मुली. दुसरी कुठली नोकरी बघून ठेवलेली नाही, हे त्यांनीच मला सांगितले होते.

अध्यक्ष पाहणीला येणार होते. बाईंनी मला आणि वस्तादांना बोलावून घेतले. त्या मनाने फार चांगल्या.

"त्यांच्यासमोर तुमचा तो कुस्तीचाच पाठ घ्या. इंग्रजी आणि संगणक एकत्र, त्यांना आवडेल. फक्त जोडी नीट निवडा. जिथं आपले जुने संगणक जिंकतील तेवढ्याच लावा. मुलांनाही सांगून ठेवा."

"म्हंजे नुरा कुस्ती?" वस्तादांनी विचारले. आधीच निकाल ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. तो शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला, की बाईंनी नजर फिरवली.

"तुमच्यासाठीच सांगतेय मी."

"ते कळतंय मॅडम. तुमचं उपकारच हाईत. पाठ घेतो की मी. पण जोड बघणाऱ्यांनी सांगितली, तर न्हाई म्हणता येत न्हाई. मैदानाची रीत हाय ती."

बाहेर आल्यावर मीही त्यांना बाईंचे ऐकायला सांगितले. आजही मला त्यात मोठी चूक दिसत नाही. माणसाचे घर चालले पाहिजे. ते हसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही कधी आखाड्यात उतरला न्हाईसा. तिथं खोटं पडलं की अंगाला माती लागत न्हाई. सगळ्यांस्नी दिसतंय ते."

अध्यक्ष आले. उंबऱ्याशी चपला काढताना त्यांच्या कपाळावर आठी चढली, पण त्यांनी काढल्या. सोबत संस्थेचे दोन सभासद. टेबलावर जुना डेस्कटॉप आणि कोरा टॅब्लेट. पहिली जोड पडद्याची लागली आणि डेस्कटॉपने मारली. टॅब्लेटच्या बाजूने वाक्य म्हटले. दुसरी जोड टंकलेखनाची. दोन मुली एकच उतारा लिहायला बसल्या. डेस्कटॉपवाली कितीतरी पुढे गेली. टॅब्लेटवाली उठून म्हणाली, "टायपिंग ऑन द डेस्कटॉप इज ईझियर." सभासदांनी टाळ्या वाजवल्या. बाई सुखावून माझ्याकडे पाहत होत्या.

मग वस्तादांनी पाहुण्यांकडे तोंड केले. "साहेब, आता तुमची जोड. कशात लावू?"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्ष पुढे सरकले. त्यांना खेळाची गोडी लागलेली स्पष्ट दिसत होती. "दोन्ही बंद करा. कोण आधी सुरू होतं बघू."

दोन्ही यंत्रांच्या कळा एकदम दाबल्या गेल्या. टॅब्लेट उजळला, चित्रे आली, एका मुलाने त्यावर बोट फिरवूनही दाखवले. डेस्कटॉप अजून घरघरत होता. मुले टक लावून पाहत होती. पडदा काळाच राहिला, मग निळा झाला, मग एक वर्तुळ गरगरू लागले. कक्षात कुणी हसले नाही. अखेर वस्तादांनी हात वर केला. कुस्ती टॅब्लेटची.

आता डेस्कटॉपच्या बाजूने वाक्य म्हणायचे होते. कुणी उठेना. खोली कार्यालयाला जाणार हे मुलांच्याही कानावर आले होते, आणि आपण काय बोलल्याने काय होईल हे त्यांना नीट कळत होते. ती सडपातळ मुलगी अर्धवट उभी राहिली आणि वस्तादांकडे पाहू लागली.

"खाली बस बाळ," वस्ताद म्हणाले. "वस्ताद मी हाय. वाक्य माझं."

ते टेबलाला वळसा घालून अध्यक्षांपुढे गेले, हात पुढे केला आणि एकेक शब्द जपून ठेवल्यासारखे म्हणाले, "सर, माय कॉम्प्युटर इज स्लोअर दॅन युवर टॅब्लेट."

अध्यक्षांनी हात हातात घेतला, पण लगेच सोडला नाही. "म्हणजे तुम्ही स्वतःच सांगताय. मग आम्ही हे भंगारात काढतो म्हटलं तर तुमची तक्रार नाही."

"हाय की तक्रार."

"आता काय राहिलं? हरला ना तुमचा गडी?"

"हरला. साहेब, हरलेल्या गड्याला तालमीतनं काढायची रीत आसती, तर आपल्या पेठंत एक तालीम उरली नसती. जिंकलेला काय, कुठंबी जातोय, फेटा बांधून फिरतोय. तालीम लागती ती पडलेल्याला."

अध्यक्षांचा चेहरा कठोर झाला आहे की विचारी, हे मला ठरवता येत नव्हते. त्यांनी वस्तादांच्या चेपलेल्या कानांकडे निरखून पाहिले.

"कुठल्या तालमीचे तुम्ही?"

वस्तादांनी तालमीचे नाव सांगितले.

"आम्ही पलीकडच्या गल्लीतले." अध्यक्षांचा आवाज एकदम घरचा झाला. "पोरपणी आम्हाला कुणीबी पाडायचं. उठायचं, अंग झाडायचं, परत त्याच मातीच्या हौद्यात." सोबतचे सभासद आश्चर्याने पाहू लागले, त्यांना हे नवीन असावे. "बरं, ह्याला आता काय करणार तुम्ही?"

"खुराक वाढवणार. पैसं नगंत. तुमच्या जयसिंगपूरच्या शाखंत मोडकी मशिनं पडल्यात, ती मला द्या. दोन-तीन मोडक्यांतनं एक धडधाकट करतो. दिवाळीची सुट्टी हाय की हातात. सुट्टी संपली की परत जोड लावूया. पंच तुम्ही."

अध्यक्ष हसले नाहीत. "दिवाळीनंतर," ते म्हणाले. "तोवर खोलीला हात लावायचा नाही. त्या दिवशी बघून ठरवतो."

जयसिंगपूरची मोडकी यंत्रे टेम्पोतून आली. दिवाळीच्या सुट्टीत शेजारपाजारच्या खिडक्यांतून फराळाचा वास येत असताना वस्ताद कक्षात मांडी घालून बसलेले असत. मी दोन-तीनदा चिवडा घेऊन गेलो. एकदा त्यांनी मला हातात ब्रश देऊन यंत्रांतल्या पंख्यांवरची धूळ झाडायला बसवले. काम करताना ते बोलत नसत. फक्त एकदा, मान वर न करता म्हणाले, "झालं तर झालं सर. न्हाई झालं तर कागलला सुपरवायझर हाय एक मैतर, बघंल कायतरी." त्या ‘बघंल’मध्ये त्यांच्या दोन्ही मुली होत्या.

सुट्टी संपली आणि अध्यक्ष ठरल्याप्रमाणे आले. पुन्हा तीच जोड. कळा दाबल्या गेल्या. या वेळी डेस्कटॉप घरघरला नाही. टॅब्लेट उजळला आणि पाठोपाठ, मुलांनी ओरडायला तोंड उघडेपर्यंत, डेस्कटॉपही उजळला. एवढा फरक डोळ्याला जेमतेम दिसावा.

अध्यक्षांनी दोन्ही हात आडवे हलवले. "बरोबरीत सोडवली."

मुलांनी जल्लोष केला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वस्ताद तेवढे एकटे मान हलवत होते.

"न्हाई साहेब. आमचं मागं राहिलं."

"अहो, पंच मी आहे."

"तुम्ही पंच हाईसा म्हणून सांगतोय. एक निमिष मागं राहिलं. पोरांनी बघितलंय." आणि ते मुलांकडे वळले. "काय रे?"

मग ती सडपातळ मुलगी उठली. या वेळी तिने वस्तादांकडे पाहिले नाही. ती अध्यक्षांपाशी गेली, त्यांना हात दिला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अवर डेस्कटॉप इज स्लोअर दॅन युवर टॅब्लेट, सर."

अध्यक्ष आधी तिच्याकडे आणि मग वस्तादांकडे पाहत राहिले. त्यानंतर ते असे काही हसले, की पलीकडच्या कार्यालयातून शिपाई धावत आला. हसणे आवरल्यावर ते बाईंना म्हणाले, "मॅडम, यांची नेमणूक पुढे चालू ठेवा. आणि ही खोली कुणाला देऊ नका."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वळून वस्तादांना ते पुन्हा सांगितले, कारण वस्तादांचे लक्ष नव्हते. ते केव्हाच जमिनीवर बसले होते आणि हरलेल्या डेस्कटॉपचे झाकण उघडून त्यांनी डोके आत घातले होते. मुले त्यांच्याभोवती दाटली होती.

"वस्ताद, ऐकलं का? नेमणूक झाली तुमची," बाई म्हणाल्या.

"व्हय, व्हय," आतून आवाज आला. "कोण हाय तिकडं? मोबाईलची बॅटरी जरा हिकडं धरा की. एवढं एक निमिष कुठं अडतंय, बघतो."

सर्वांत जवळ अध्यक्ष उभे होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, धोतराचा सोगा सावरत ते गुडघ्यावर बसले आणि उजेड धरला.